सरंजाम, सार्वभौमत्व आणि मौन

१२ एप्रिल १९६० रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पोर्तुगाल विरुद्ध भारत या खटल्याचा अंतिम निकाल दिला. भारतीय प्रदेशातून ये-जा करण्याच्या हक्काचा खटला म्हणून तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. केवळ दोन राष्ट्रांपुरती अशी स्थानिक रूढी आंतरराष्ट्रीय कायद्यात संभवते काय, या प्रश्नापाशी त्यांच्या पाठ्यपुस्तकांत त्याचा हमखास उल्लेख येतो. मराठीच्या विद्यार्थ्याला मात्र तो सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक त्यालाच तो आधी सांगायला हवा. कारण या खटल्यात पेशव्यांच्या दरबारात ठरलेल्या एका तहाचे एक कलम आणि त्या तहापाठोपाठ निघालेल्या दोन सनदा यांचा अन्वयार्थ लावण्याचे काम देशोदेशींच्या पंधरा न्यायाधीशांना करावे लागले होते. 'सरंजाम' या शब्दाने काय दिले जाते आणि काय दिले जात नाही, हा प्रश्न मराठीचा गंध नसलेल्या त्या न्यायासनापुढे दोन राष्ट्रांच्या संघर्षाचा प्रश्न म्हणून उभा होता.

संघर्षाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. स्वतंत्र भारताने १९४९ मध्ये लिस्बन येथे वकिलात उघडली ती गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेली यांचा प्रश्न वाटाघाटींनी सुटेल या अपेक्षेने. १९५० मध्ये भारताने बोलणी सुरू करण्याची रीतसर सूचना केली. सालाझारच्या राजवटीने तिला दिलेले उत्तर असे होते की, बोलण्यासारखे काही नाहीच. हे प्रदेश पोर्तुगालच्या वसाहती नसून पोर्तुगालच आहेत. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून 'वसाहत' हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी 'सागरापलीकडील प्रांत' हा शब्दप्रयोग आणला. गोव्यात त्यामुळे एकही गोष्ट बदलली नाही, परंतु लिस्बनच्या दृष्टीने प्रश्नच नाहीसा झाला; स्वतःच्या प्रांताविषयी परक्याशी कोण बोलणी करतो? १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील वकिलात बंद केली.

एका शब्दाच्या अदलाबदलीत केवढे सामर्थ्य असते याचा प्रत्यय १९५५ च्या डिसेंबरात आला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांनी काढलेल्या संयुक्त पत्रकात पूर्वेकडील पोर्तुगीज 'प्रांत' असा उल्लेख आला, आणि भारतात संतापाची लाट उसळली. त्या पत्रकात गोव्याचे नाव घेऊन पोर्तुगालला पाठिंबा वगैरे काही दिलेला नव्हता. केवळ एक सामान्यनाम वापरले होते. तेवढे पुरे झाले. भाषेच्या विद्यार्थ्यांनी या प्रसंगाकडे पाहावे असे मला वाटते. कोणत्या नामाने वस्तू ओळखायची हे एकदा मान्य केले की पुढचा वाद अर्धाअधिक संपलेला असतो.

मधल्या काळात प्रत्यक्ष भूमीवर वेगळेच घडले होते. दादरा आणि नगरहवेली हे दमणच्या आत, भारतीय प्रदेशाने चहूबाजूंनी वेढलेले पोर्तुगीज ताब्यातील दोन तुकडे. १९५४ च्या २१ आणि २२ जुलैच्या रात्री दादरा मुक्त झाले. २ ऑगस्टला सिल्वासा पडले. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स आणि आझाद गोमंतक दल यांच्या स्वयंसेवकांनी हे केले. संगीतकार सुधीर फडके यांचा त्यातील सहभाग महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. दमणमधील पोर्तुगीज अधिकाऱ्यांना या तुकड्यांकडे जायचे तर भारतीय प्रदेश ओलांडणे भाग होते, आणि भारताने वाट अडवली. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला, १९ तारखेला त्याने न्यायालयाची अधिकारिता मान्य केल्याचे घोषणापत्र दिले आणि २२ तारखेला खटला दाखल केला. आठ दिवसांची ही लगबग पाहता फिर्यादीचा मसुदा आधीच तयार होता हे सांगायला ज्योतिषी नको.

पोर्तुगालचे म्हणणे असे : हे प्रदेश १७७९ च्या पुणे तहान्वये आणि १७८३ व १७८५ च्या सनदांन्वये मराठ्यांनी आम्हाला सार्वभौम हक्काने दिले. ज्याला बेट दिले त्याला बेटापर्यंत जाण्याची वाटही दिलीच असली पाहिजे. म्हणजे खटला वाटेचा असला तरी त्याचे मूळ त्या दानाच्या अर्थात होते.

१७७९ हे वर्ष मराठी वाचकाला अपरिचित नाही. वडगावला इंग्रजांची फजिती त्याच वर्षीच्या जानेवारीतली. सवाई माधवराव पाच वर्षांचे बालक, कारभार नाना फडणविसांच्या हाती, आणि इंग्रजांशी युद्ध चालू असताना पश्चिम किनाऱ्यावरच्या दुसऱ्या टोपीकराला निदान दुखवू नये ही साधी राजनीती. या तहाने पोर्तुगीजांना दमणजवळच्या परगण्यातील सालिना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे नेमून देण्याचे ठरले. पुणे आणि पणजी यांच्यातील या व्यवहारांत पोर्तुगीजांच्या वतीने बोलणारे अनेकदा गोव्यातलेच हिंदू असत, हेही लक्षात ठेवावे. पणजीच्या अभिलेखागाराची धुरा अनेक वर्षे वाहिलेल्या पां. स. पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज राजनीतीच्या हिंदू, मुसलमान, ज्यू व पारशी वकिलांवर १९५२ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथच पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध केला आहे. तेव्हा एका बाजूला मराठी मन आणि दुसऱ्या बाजूला लॅटिन मन, असा देखावा उभा करून या तहाकडे पाहता येत नाही. 'सरंजाम' म्हणजे काय हे वाटाघाट करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या माणसांना बहुधा उत्तम कळत होते. ते कळेनासे झाले पुढे, पावणेदोनशे वर्षांनी.

न्यायालयापुढे पहिला मुद्दा आला तो पाठाचा. तहाच्या ज्या प्रती सादर झाल्या त्यांत फरक होते. उभय पक्षांनी अधिकृत म्हणून मान्य केलेली व साक्षांकित केलेली अशी एकही संहिता उपलब्ध नव्हती. भारताने या गोष्टीवर बोट ठेवून म्हटले की, असा तह विधिवत झालाच नाही. ज्ञानेश्वरीच्या वा गाथेच्या पाठभेदांवर जन्म वेचणाऱ्यांच्या आपल्या परंपरेत हा युक्तिवाद कोणालाही पटावा. न्यायालयाला तो पटला नाही, आणि न पटण्याचे त्याने दिलेले कारण फार विचार करण्याजोगे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात, हिंदुस्थानातील तत्कालीन परिस्थितीत झालेल्या तहाची वैधता नंतर हळूहळू विकसित झालेल्या रीतींच्या मोजपट्टीने ठरवू नये, असे न्यायालयाने म्हटले. खुद्द मराठ्यांनी हा तह बंधनकारक मानला, त्याप्रमाणे वर्तन केले, पुढच्या सनदांत त्याचा हवाला दिला. एवढे पुरेसे आहे. अधिकृत प्रत हाती नसतानाही संहिता अस्तित्वात असते, कारण तिच्या वाचकांनी ती आहे असे मानून व्यवहार केलेला असतो. वारकऱ्यांच्या फडावर गायल्या जाणाऱ्या अभंगाविषयी आपण हेच म्हणत नाही काय?

तह आहे हे ठरले. आता त्याचा अर्थ. येथे न्यायालयाने जे वाचन केले ते मला कोणत्याही चांगल्या समीक्षेच्या तोडीचे वाटते, म्हणून त्यापाशी थोडे थांबतो.

पोर्तुगालचा भर तहाच्या सतराव्या कलमावर होता. न्यायालयाने त्या कलमाचे निरनिराळे पाठ तपासले आणि सार्वभौमत्व हस्तांतरित करण्याचा हेतू त्या भाषेतून निघतो असे म्हणता येत नाही, असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष काढण्यासाठी ते केवळ त्या कलमात अडकून राहिले नाही. मराठ्यांनी केलेले अन्य तह त्याच्यापुढे होते. त्यांत जेथे प्रदेश कायमचा आणि राज्याधिकारासह द्यायचा होता तेथे निरंतरतेचे, राज्यसत्तेचे स्पष्ट वाचक शब्द योजलेले आढळत होते. म्हणजे या भाषेला ते म्हणायचे असते तर म्हणता येत होते. तिच्यापाशी त्यासाठी शब्द होते, आणि इथे तिने ते वापरले नाहीत. एखाद्या शब्दाचा अर्थ त्याच्या जागी कोणता दुसरा शब्द येऊ शकला असता यावरून ठरतो, हे तत्त्व आपण सोस्यूरच्या नावाने वर्गात फळ्यावर लिहितो. हेगच्या न्यायाधीशांनी ते पेशवाई मराठीला लावून दाखवले.

सनदांतील शब्द तर उघडच होते. त्यांनी जे दिले ते जहागीर अथवा सरंजाम या प्रकारात मोडणारे होते : बारा हजारांच्या उत्पन्नाची नेमणूक. 'सरंजाम' हा फारसीतून आलेला शब्द. सिद्धता, सामग्री, तजवीज हा त्याचा अर्थपरिवार. लग्नाचा सरंजाम म्हणताना आपण अजूनही त्याच अर्थाच्या जवळ असतो. राज्यव्यवहारात सरंजाम म्हणजे सेवेच्या वा फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेला वसूल. गाव दिला असे म्हटले जाई, परंतु दिलेला असे तो गावचा पैसा. भूमीवरची सत्ता देणाऱ्याकडेच राही, आणि देणारा तो वसूल परतही घेऊ शके. इनाम वेगळे, वतन वेगळे, सरंजाम वेगळा. हे भेद त्या काळच्या कारकुनाच्या बोटांवर असत. अशा देणगीने प्रदेश सार्वभौम हक्काने दिला गेल्याचे एकही उदाहरण आपल्यापुढे आणले गेले नाही, अशी नोंद न्यायालयाने केली आहे.

जाता जाता एक गोष्ट. आपण मराठी समीक्षकांनी 'सरंजामशाही' हा शब्द युरोपातील मध्ययुगीन व्यवस्थेसाठी योजला आणि पुढे 'सरंजामी वृत्ती' ही तर शिवीच करून टाकली. त्यामुळे आज 'सरंजामदार' म्हटले की डोळ्यांपुढे गढीतला छोटा राजा उभा राहतो, आपल्या मुलखाचा स्वतंत्र धनी. पोर्तुगालच्या वकिलांना याहून सोयीचा अर्थ सापडला नसता! शब्दांच्या भाषांतराने इतिहासाचे वाचन कसे वाकते याचे उदाहरण हवे असेल तर ते परक्यांच्या कोशात शोधण्याची गरज नाही.

पोर्तुगालचा सर्वांत बळकट वाटणारा मुद्दा आणखी निराळा होता. त्या गावांत बंड वा फितवा झाल्यास तो मोडून काढण्याचा अधिकार देणगीतच पोर्तुगीजांना दिलेला होता. बंड मोडण्याचा अधिकार म्हणजे सत्ता, आणि सत्ता म्हणजे सार्वभौमत्व. वरवर पाहता निर्विवाद. न्यायालयाने हेच वाक्य उलटे वाचले. सार्वभौमत्व दिले असते तर स्वतःच्याच प्रदेशातील बंड मोडण्याची मुभा घेणाऱ्याला वेगळी कलमबद्ध करून देण्याचे कारणच काय? जो अधिकार द्यावा लागतो तो मुळात नसतो. संदर्भ पाहता, देणाऱ्या राजसत्तेविरुद्ध उठलेले बंड मोडण्याचे कर्तव्य या कलमाने घेणाऱ्यावर टाकलेले दिसते. जो मजकूर मालकीचा पुरावा म्हणून पुढे केला तोच चाकरीचा पुरावा ठरला. संहितेला तिच्याच धाग्याने उसवण्याचा हा प्रकार देरीदाचे नाव जगाला ठाऊक होण्याच्या आधीचा आहे, एवढेच नमूद करतो.

इथवर वाचून आपल्याला बरे वाटते. मराठी कागद जिंकला. ऍटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी भारताची बाजू समर्थपणे मांडली, न्यायासनावर भारताचे नियुक्त न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे महंमद करीम छागला बसले होते, आणि पेशव्यांच्या कारकुनांनी योजलेल्या शब्दाने फिरंग्यांना पावणेदोनशे वर्षांनी धूळ चारली. या खटल्याविषयी आपल्याकडे जेव्हा बोलले जाते तेव्हा ते बहुधा याच सुरात. पण निकालपत्र येथे संपत नाही. त्याच्या पुढच्या भागात न्यायालय शांतपणे जे म्हणते ते आपल्या आनंदाला खीळ घालणारे आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रज मराठ्यांचे वारस झाले. त्यांना या गावांत पोर्तुगीज सर्वाधिकाराने राज्य करताना आढळले. इंग्रजांनी जे दिसले ते तसेच राहू दिले. मराठ्यांचे वारस म्हणून सार्वभौमत्वावर स्वतः दावा सांगितला नाही. पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मान्य आहे असेही स्पष्ट शब्दांत कधी म्हटले नाही. पोर्तुगीज मात्र सार्वभौम असल्यासारखे वागत राहिले आणि त्यांना कोणी हटकले नाही. अशा रीतीने इंग्रजांनी प्रत्यक्षात आणि ध्वनितार्थाने त्यांचे सार्वभौमत्व मानले, आणि पुढे भारतानेही ते मूकपणे मानले, असा न्यायालयाचा निर्णय झाला. मौनं संमतिलक्षणम् हे आपले जुने वचन. ते इथे आपल्याच विरुद्ध उभे राहिले.

म्हणजे काय झाले ते पाहा. बारकाईने वाचलेल्या संहितेने जे दिले नव्हते ते दीडशे वर्षांच्या न बोलण्याने देऊन टाकले. जे शब्दांनी सरंजाम होते ते वापराने राज्य झाले. आणि त्याच वापरातून, दमण आणि ही गावे यांच्यामधली ये-जा इतकी वर्षे अखंड चालत आली या आधारावर, खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता पोर्तुगालला १९५४ मध्ये वाटेचा हक्क होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस, हत्यारे व दारूगोळा यांच्या बाबतीत तसा हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहापासून सैन्याची ये-जा परवानगीच्या बंधनात होती हे त्याचे एक प्रमुख कारण. आणि दादरा पडल्यानंतरच्या तणावाच्या परिस्थितीत भारताने वाट अडवली ती नियमनाच्या अधिकारातच होती, भारताने कोणतेही दायित्व मोडले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. छागलांनी भिन्नमत नोंदवले. दोन्ही राजधान्यांना आपापल्या जनतेपुढे आपलाच विजय झाला असे सांगता यावे, असा हा निकाल आहे. परंतु आठ विरुद्ध सात हा आकडा विसरू नये. एका न्यायाधीशाचे मत फिरले असते तर जगातील सर्वोच्च न्यायालयाने पोर्तुगीज सैनिकांच्या वाटेला मान्यता दिली असती.

साहित्याच्या वर्गात आपण गेली कित्येक वर्षे दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच श्वासात शिकवीत आलो आहोत. एकीकडे संहितेचे सूक्ष्म वाचन, शब्दाशी इमान. दुसरीकडे लेखकाचा मृत्यू, वाचकाची मुक्तता, अर्थाची अनंतता. परीक्षेत दोन्हींवर प्रश्न येतात आणि विद्यार्थी दोन्हींची उत्तरे लिहितो, कारण वर्गात या दोन भूमिकांची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. या खटल्यात ती मोजावी लागली. 'अर्थ संहितेत असतो' म्हणाल तर गावे मराठ्यांची, म्हणून पुढे भारताची. 'अर्थ वापरात असतो' म्हणाल तर गावे पोर्तुगालची. न्यायालयाने दोन्ही म्हटले, आणि त्यांचा क्रम लावला : आधी संहिता काय म्हणते ते पूर्ण कसोशीने वाचले, आणि मग तिच्यानंतर माणसे कशी वागली ते पाहिले. या क्रमात मला आपल्या वाङ्मयव्यवहारासाठी काही शिकण्यासारखे दिसते. संहितेचा अर्थ निसटतो हे मान्य. पण तो कोणाच्या हातून, केव्हा आणि कोणाच्या गप्प बसण्याने निसटला हे तारीखवार सांगता यायला हवे. त्याशिवाय अनेकार्थतेच्या गोष्टी करणे हा आळस आहे.

या निकालाकडे पाहण्याचा दुसरा सूर असतो तो तुच्छतेचा. शेवटी काय, बळी तो कान पिळी. दादरा घेतले ते स्वयंसेवकांनी, गोवा घेतला तो सैन्याने, कागदांना कोण विचारतो? हाही सूर मला मान्य नाही. प्रदेश बळाने गेले-आले हे खरे, परंतु १९५५ ते १९६० ही पाच वर्षे दोन सरकारे, त्यांचे इतिहासकार आणि कायदेपंडित अठराव्या शतकातील काही ओळींभोवती झुंजत होते ते हौस म्हणून नव्हे. सनदांतून १७८३ पासूनचे सार्वभौमत्व निघते असे वाचन झाले असते तर सैनिकांच्या वाटेवरचे आठाचे सात आणि साताचे आठ होणे फारसे अवघड नव्हते, असा माझा तर्क आहे.

मात्र या सगळ्या वाचकांत एक वाचक नाही. सतरावे कलम पेशवे आणि पोर्तुगीज वाचतात, मग इंग्रज न वाचताच पुढे जातात, मग सेटलवाड, छागला आणि पोर्तुगालचे नियुक्त न्यायाधीश फर्नांडिस वाचतात. ज्या गावांविषयी ते आहे त्या गावांतले वारली, कोकणा, धोडिया मात्र कोठेच नाहीत. संहितेत ते आहेत, पण बारा हजार या आकड्याच्या आत. त्यांच्या राबण्याचे जे मोल सरकारजमा होत असे ते एका दरबाराने दुसऱ्या दरबाराच्या नावे लिहून दिले. 'सरंजाम की सार्वभौमत्व' हा वाद त्यांच्या अंगणात पोहोचला असता तर त्यांना त्यातला भेद कितपत जाणवला असता? शेतसारा भरणारा तोच, फक्त घेणारा हात वेगळा. आपण जेव्हा 'ते सार्वभौमत्व नव्हते, तो केवळ वसूल होता' असे अभिमानाने म्हणतो तेव्हा त्या 'केवळ' शब्दात काय दडपले जाते हे मराठी वाचकाने तरी विसरू नये. जमीन कसणाऱ्याचा प्रश्न कायद्याच्या कक्षेत नीटपणे आला तो दादरा आणि नगरहवेली भूसुधारणा नियमनाने, १९७१ मध्ये. म्हणजे तहाला एकशे ब्याण्णव वर्षे झाल्यावर.

प्रदेशांच्या वादांत अशी शब्दनिष्ठा अपवादात्मक आहे असे कोणी समजू नये. नेपाळ आणि भारत यांच्यातील कालापाणी-लिपुलेख वाद १८१६ च्या सुगौली तहापर्यंत मागे जातो. त्या तहाने काली नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा दावा नेपाळने सोडला. परंतु वर डोंगरात अनेक प्रवाह एकत्र येतात, त्यांतल्या कोणत्याला 'काली' म्हणायचे? नेपाळने २०२० मध्ये नवा नकाशा काढला आणि राज्यघटनेतही तो उतरवला, तो या एका विशेषनामाच्या बळावर. १९६७ च्या युद्धानंतर सुरक्षा समितीने केलेला २४२ क्रमांकाचा ठराव तर व्याकरणाच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा असा आहे. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे, असे तो म्हणतो. इंग्रजी पाठात 'प्रदेश' या शब्दाआधी निश्चयवाचक उपपद नाही. फ्रेंच पाठात जे आहे त्यातून 'ते सर्व प्रदेश' असाही अर्थ काढता येतो. सर्व की काही, यावर अजून वाद आहे. गंमत अशी की मराठीत उपपदच नसल्याने या ठरावाचे कितीही प्रामाणिक भाषांतर केले तरी तो वादच मराठीत उतरत नाही. मराठी वाचकाला ते वाक्य सरळ आणि निरुपद्रवी वाटते.

तेव्हा माझे म्हणणे मराठीच्या अभ्यासक्रमाविषयी आहे. आपण बखर शिकवतो, कारण तिच्यात रस आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र शिकवतो, कारण त्यात विचार आहे आणि भाषेचा डौल आहे. टोपीकरांना समुद्रकाठी ठाव देऊ नये, हा त्यातला इशारा विद्यार्थ्यांना आवडतो. (नगरहवेली समुद्रकाठी नव्हती, हे खरे. पण अमात्यांच्या लेखणीनंतर सात दशकांच्या आत त्याच राज्याने दमणच्या पाठीशी असलेली गावे टोपीकरांना लावून दिली, हेही त्याच तासाला सांगायला हरकत नसावी.) तहनामे, सनदा, करारमदार मात्र आपण इतिहास विभागाकडे ढकलून दिले, कारण त्यांत 'साहित्य' नाही. परिणाम असा की मोडी वाचणारा इतिहासाचा अभ्यासक शब्दाच्या छटांपाशी थांबत नाही आणि छटांवर जगणारा मराठीचा अभ्यासक मोडी वाचत नाही. पेशवे दप्तरातील मराठी ही नेमकेपणाची भाषा होती. कोणत्या हक्काला कोणता शब्द, कोणत्या देण्याला कोणती मुदत, कोठे अधिकार आणि कोठे केवळ उत्पन्न, हे ती इतक्या काटेकोरपणे नोंदवीत होती की तिच्यात काय म्हटलेले नाही यावरून दूरदेशीच्या न्यायाधीशांना निष्कर्ष काढता आला. आज शासकीय मराठीच्या कृत्रिमपणाविषयी आपण तक्रारी करतो. ही भाषा एके काळी राज्य चालवण्याएवढी तासलेली होती, याचा पुरावा मात्र वाचत नाही. एम. ए. च्या एका प्रश्नपत्रिकेत पाच सनदा, दोन तह आणि या निकालपत्राचा तेवढा भाग ठेवून पाहावा. विद्यार्थी कंटाळतील असे मला वाटत नाही.

निकालानंतरची हकीकत थोडी उरते. मुक्त झालेल्या दादरा-नगरहवेलीचा कारभार सात वर्षे तिथल्या वरिष्ठ पंचायतीने पाहिला. १९६१ मध्ये भारतात विलीन होण्याच्या करारावर सही करायला त्या प्रदेशाचा कोणी प्रमुख हवा, म्हणून भारतीय प्रशासन सेवेतील के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी नेहरूंबरोबर करारावर सही केली. राज्यघटनेची दहावी दुरुस्ती त्यानंतर झाली. म्हणजे बळाने मिळालेल्या गोष्टीलाही शेवटी एक संहिता, आणि त्या संहितेला एक कर्ता, कल्पून का होईना, लागलाच. डिसेंबरात गोवा, दमण, दीव मुक्त झाले. लिस्बनमध्ये राजवट बदलेपर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत, पोर्तुगालने यातले काहीच मानले नाही. ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या करारात त्याने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, आणि तेही करारावर सही झाली त्या दिवसापासून नव्हे, तर हे प्रदेश भारतीय राज्यघटनेप्रमाणे ज्या ज्या तारखांना भारताचे भाग झाले त्या तारखांपासून. तेरा वर्षांचा नकार एका क्रियाविशेषण-वाक्यांशाने मागे जाऊन पुसला गेला. तो करार ३ जून १९७५ रोजी अमलात आला.